कुलगुरूंचा परिचय लिहिताना : कारकीर्द आणि आवडीनिवडींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत पारितोषिक वितरण, स्नेहसंमेलन आणि वार्षिकांकाची धांदल सुरू होते. प्रमुख पाहुणे म्हणून कुलगुरू येणार असे ठरले, की त्यांच्या परिचयाचे काम एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या नाहीतर विद्यार्थी संपादकाच्या गळ्यात पडते. खालचे प्रश्न त्याच मंडळींचे आहेत. ज्यांना स्वतःला कधीतरी त्या खुर्चीत बसायचे आहे, त्यांनी मधले पात्रतेचे आणि वयाचे प्रश्न जरूर वाचावेत.

प्रश्न : कुलगुरू, कुलपती, प्रेसिडेंट. नेमके कोण कोण?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल. विद्यापीठाचा शैक्षणिक आणि प्रशासकीय गाडा हाकतात ते कुलगुरू. गोंधळ होतो तो हिंदीमुळे. हिंदीत कुलगुरूंना वर्षानुवर्षे 'कुलपति' म्हटले गेले आणि राज्यपालांना 'कुलाधिपति'. हिंदी बातमीवरून किंवा मोबाइलवरच्या भाषांतरावरून परिचय उतरवला, की आपले पाहुणे व्यासपीठावर परस्पर राज्यपाल होऊन बसतात. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानाने २०२५ मध्ये 'कुलपति' काढून 'कुलगुरु' हा शब्द घेतला, त्यामुळे तिकडचे जुने आणि नवे कागद एकत्र वाचताना साल पाहावे.

अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रमुखाला बहुतेक ठिकाणी प्रेसिडेंट म्हणतात आणि त्याची निवड विश्वस्त मंडळ करते. कामाच्या दृष्टीने तो आपल्या कुलगुरूंच्या जवळचा. परदेशी पाहुण्यांचा परिचय लिहिताना 'अमुक विद्यापीठाचे अध्यक्ष' असे लिहिले, की आपल्याकडचा श्रोता शिक्षण संस्थेचा अध्यक्ष समजतो. 'विद्यापीठाचे प्रमुख, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखे' असे एका वाक्यात सांगून पुढे जावे. आपल्याकडच्याही काही खासगी विद्यापीठांत वर प्रेसिडेंट आणि खाली कुलगुरू अशी रचना असते. तिथे पत्रावरचे पदनाम जसेच्या तसे उतरवावे.

प्रश्न : 'प्र. कुलगुरू' म्हणजे प्रभारी की प्र-कुलगुरू?

हा दोन अक्षरांचा सापळा आहे. प्र-कुलगुरू हे कायद्यातले स्वतंत्र पद आहे, कुलगुरूंच्या खालचे. प्रभारी कुलगुरू म्हणजे पद रिकामे असताना तात्पुरता कार्यभार सांभाळणारी व्यक्ती, आणि ती व्यक्ती अनेकदा शेजारच्या विद्यापीठाची कुलगुरू असते. टिंब देऊन 'प्र.' लिहिले की दोन्ही अर्थ निघतात. पत्रिकेत, फलकावर आणि परिचयात पूर्ण शब्द लिहावा. जागा कमी पडत असेल तर 'शिक्षणमहर्षी' काढावा, ही अक्षरे नव्हे.

प्रश्न : आमच्या भागात कोणकोणत्या विद्यापीठांचे कुलगुरू पाहुणे म्हणून येतात?

मुख्य म्हणजे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची, आणि कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. ते समूह विद्यापीठ आहे. रयत शिक्षण संस्थेची छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही तीन महाविद्यालये मिळून ते उभे राहिले. त्यामुळे साताऱ्यात आता 'विद्यापीठाचे कुलगुरू येणार' एवढे सांगून भागत नाही, कोणत्या विद्यापीठाचे ते सांगावे लागते. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठ आहे, ते अभिमत, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था. अभिमत विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल नसतात, संस्थेकडून नेमलेले असतात. 'राज्यपालांनी आपली कुलगुरूपदी नियुक्ती केली' हे ठरलेले वाक्य तिथे चुकते.

प्रश्न : कुलगुरूंची निवड कशी होते? परिचयात किती सांगावे?

परिचयात एक ओळ पुरे : कोणत्या तारखेला पदभार घेतला. पण ती ओळ नीट लिहिण्यासाठी प्रक्रिया माहीत हवी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७ पासून) याच्या कलम ११ प्रमाणे शोध समिती नेमली जाते. पद रिकामे होण्याच्या किमान ६ महिने आधी प्रक्रिया सुरू व्हावी, असे कायदा म्हणतो. जाहिरात निघते, अर्ज आणि नामनिर्देशने येतात, छाननी होते, निवडक उमेदवारांशी समिती बोलते. मग समिती किमान पाच नावे कुलपतींकडे पाठवते. ही नावे वर्णानुक्रमे असतात, पसंतीक्रम लावलेला नसतो. म्हणून 'समितीने पहिल्या क्रमांकाने शिफारस केली' असे कुणी परिचयात घातले तर ते खोडावे, तसा क्रमांकच नसतो. शेवटी कुलपती त्या उमेदवारांशी बोलून एकाची नेमणूक करतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियमही इथे लागू होतात. समितीत आयोगाच्या अध्यक्षांचा एक प्रतिनिधी हवा आणि तीन ते पाच नावांची यादी हवी, असे ते सांगतात. हे नुसते कागदी नियम नाहीत. केरळमधल्या ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रज्ञान विद्यापीठात समितीने एकच नाव पाठवले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. त्याआधी मार्च २०२२ मध्ये गुजरातमधल्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूकही आयोगाचे नियम पाळले नाहीत म्हणून रद्द झाली होती.

प्रश्न : मुदत किती? दुसऱ्यांदा नेमणूक होते का?

पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात दुसरी मुदत नाही. अभिमत विद्यापीठात वयाची मर्यादा ७० आहे. मूळ नोकरीवरचा हक्क, ज्याला कार्यालयात 'लियन' म्हणतात, राखलेला असतो, त्यामुळे मुदत संपल्यावर निवृत्तीचे वय झाले नसेल तर कुलगुरू पुन्हा आपल्या विभागात प्राध्यापक म्हणून रुजू होतात. अशा व्यक्तीला 'माजी कुलगुरू' म्हणावे, पण सध्याचे पद आधी सांगावे. 'निवृत्त कुलगुरू' हा शब्दप्रयोग तेव्हा चुकीचा ठरतो.

प्रश्न : एम.एस्सी. झालेल्या मुलाला कुलगुरू व्हायचे असेल तर हिशेब कसा मांडायचा?

हा प्रश्न हसण्यावारी नेतात, पण हिशेब सरळ आहे आणि तो मांडला की कारकीर्द वाचताही येते.

सुरुवात सहायक प्राध्यापकापासून. त्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट घेते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. एकूण वेळ ३ तास. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये.

पुढे दोन वाटा फुटतात. पहिली पदोन्नतीची. पीएच.डी. झालेला असेल तर पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर ४ वर्षांनी, तिथून तिसऱ्यावर ५ वर्षांनी, मग सहयोगी प्राध्यापक ३ वर्षांनी आणि प्राध्यापक आणखी ३ वर्षांनी. बेरीज १५. दुसरी वाट थेट भरतीची. सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव, किमान ७ शोधनिबंध आणि संशोधनाचे ७५ गुण लागतात. प्राध्यापकासाठी पीएच.डी., १० वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि १२० गुण.

कुलगुरूपदासाठी आयोगाच्या २०१८ च्या नियमांत मुख्य अट आहे ती प्राध्यापक म्हणून किमान १० वर्षांची, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेतल्या तेवढ्याच अनुभवाची, सोबत शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. आता २८ व्या वर्षी कायम नोकरी लागलेला माणूस घ्या. पदोन्नतीच्या वाटेने ४३ व्या वर्षी प्राध्यापक, ५३ व्या वर्षी पात्र. थेट भरतीच्या वाटेने ३८ आणि ४८. पूर्ण मुदत मिळवायची तर साठीच्या आत नेमणूक व्हावी लागते. म्हणजे हातात ७ ते १२ वर्षांची खिडकी. त्या काळात आपल्या आसपासच्या विद्यापीठांत पद किती वेळा रिकामे होणार? दोनदा, फार तर तीनदा. म्हणूनच कोकणातला प्राध्यापक मराठवाड्यात आणि विदर्भातला पश्चिम महाराष्ट्रात अर्ज करताना दिसतो.

हिशेब कुठे बिघडतो तेही सांगायला हवे. कायम नोकरीच पस्तिशीत लागते. तासिका तत्त्वावरची वर्षे अनुभवात धरली जातीलच असे नाही. पदोन्नतीची फाइल कागद अपुरे म्हणून दोन-तीन वर्षे पडून राहते. उजळणी आणि उद्बोधन वर्ग वेळेत न केल्याने तारीख पुढे ढकलली जाते. यातले शेवटचे कारण सर्वांत स्वस्तात टाळता येण्यासारखे आणि तरी सर्वांत जास्त आढळणारे. प्राचार्यपदाची वर्षे मोजली जातील का, हे त्या त्या जाहिरातीच्या शब्दांवर ठरते. जाहिरात सहीशिक्क्यासह जपून ठेवावी.

प्रश्न : पगार किती असतो? तो छापावा का?

मूळ वेतन दरमहा २,१०,००० रुपये निश्चित आणि विशेष भत्ता ११,२५० रुपये, हे सातव्या वेतन आयोगानंतरचे आकडे जाहीर आहेत. सोबत निवासस्थान आणि गाडी. परिचयात हे छापायचे कारण नाही. विद्यार्थ्यांनी मुलाखतीत विचारले तर त्यात गैर काही नाही, पण जो आकडा शासनाच्या कागदावर मिळतो तो विचारण्यात मुलाखतीची पाच मिनिटे का घालवायची?

प्रश्न : कुलगुरू दिवसभर करतात तरी काय?

परिचयात 'विद्यापीठाची धुरा समर्थपणे सांभाळत आहेत' असे येते. त्याऐवजी हे माहीत असावे : व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांच्या बैठका कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली होतात. अधिसभेचे अध्यक्षस्थान कुलपतींचे, ते नसताना कुलगुरूंचे. तातडीच्या प्रसंगी परिषदेच्या मंजुरीची वाट न पाहता कुलगुरू निर्णय घेऊ शकतात, मात्र तो नंतर त्या परिषदेपुढे ठेवावा लागतो. शिवाय प्राध्यापकांच्या निवड समित्या, महाविद्यालयांची संलग्नता, नवीन शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम, न्यायालयातल्या केसेस.

आणि परीक्षा. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, अगदी उशिरा ४५ दिवसांत निकाल लागावा, असे कायदा सांगतो. म्हणून सत्र परीक्षा संपल्यानंतरच्या दीड महिन्यात कुलगुरूंची तारीख मागू नये. मिळाली तरी ती फिरण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : संशोधनाचे आकडे कसे तपासायचे? मिळालेला बायोडेटा १८ पानांचा आहे.

इथे सर्वांत जास्त चुका होतात, तेव्हा जरा सविस्तर.

शोधनिबंध. '२५० हून अधिक' या आकड्यात नियतकालिकांतले निबंध, परिषदांतले सारांश आणि वृत्तपत्रीय लेख बहुधा एकत्र असतात. स्कोपस किंवा गुगल स्कॉलर या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांवरचा आकडा घ्यावा आणि कोणता घेतला ते लिहावे. गुगल स्कॉलरचा आकडा साधारणपणे मोठा येतो, कारण तो प्रबंध आणि पुस्तकांतले उल्लेखही मोजतो. सारख्या नावाच्या दोन संशोधकांचे निबंध एका खात्यात मिसळणे ही आपल्याकडची नेहमीची अडचण. पाटील, जाधव, शिंदे आणि कुलकर्णी आडनावांच्या बाबतीत तर ती गृहीतच धरावी. ओळखीसाठी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वापरावा.

एच-इंडेक्स. तो २२ असेल तर अर्थ असा की किमान २२ निबंध असे आहेत ज्यांचा प्रत्येकी किमान २२ वेळा संदर्भ दिला गेला आहे. सभागृहात हे सांगू नये, कुणाच्या डोक्यात शिरत नाही. अंकात छापले तर शेजारी महिना आणि वर्ष द्यावे.

पेटंट. 'प्रकाशित' आणि 'मंजूर' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, लवकर प्रकाशनाची विनंती केली तर त्याआधीही. त्यात गुणवत्तेची तपासणी झालेली नसते. तपासणी होऊन मिळते ते मंजूर पेटंट. परदेशातली डिझाइन नोंदणी हे तर पेटंटच नव्हे. ती वस्तूच्या दिसण्याची नोंदणी असते. बायोडेटात 'यूके पेटंट' दिसले की आधी प्रमाणपत्र पाहावे.

जगातले २ टक्के शास्त्रज्ञ. ही यादी स्टॅनफर्डचे संशोधक एल्सेव्हियर या प्रकाशन संस्थेच्या माहितीवरून तयार करतात. तो पुरस्कार नाही. 'स्टॅनफर्ड विद्यापीठाने गौरवले' असे लिहू नये. यादीचेही दोन भाग असतात, संपूर्ण कारकिर्दीचा आणि एका वर्षाचा. कोणत्या भागात नाव आहे ते लिहावे.

पीएच.डी.चे विद्यार्थी. पदवी मिळालेले किती आणि काम चालू असलेले किती, हे वेगळे लिहावे. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी असू शकतात. 'सध्या १४ विद्यार्थी मार्गदर्शन घेत आहेत' असे वाचले तर कुठेतरी जुने-नवे मिसळले आहे. मिळालेल्या पदव्यांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मार्गदर्शकाच्या नावाने सापडतात.

'डॉ.' कुठला? पीएच.डी.चा, वैद्यकीय पदवीचा की मानद डी.लिट.चा, हे पाहावे. मानद पदवीमुळे नावामागे 'डॉ.' लावण्याची प्रथा योग्य मानली जात नाही. आणि 'प्रा. डॉ. कुलगुरू' अशी उतरंड नको. 'कुलगुरू डॉ.' पुरे.

प्रश्न : आवडीनिवडींचा भाग नेहमी 'वाचन, लेखन, संगीत, प्रवास' एवढ्यावरच संपतो. काय करावे?

हा दोष विचारणाऱ्याचा आहे. 'सर, आपले छंद कोणते?' असे विचारले की कुणीही चार शब्द सांगून मोकळा होतो. विषय धरून खाली उतरावे लागते, आणि उतरण्यासाठी विचारणाऱ्याला त्या गोष्टीची थोडी माहिती हवी.

वाचन म्हणाले तर : सध्या उशाशी कोणते पुस्तक आहे, अर्धवट सोडलेले शेवटचे पुस्तक कोणते, वाचायची वेळ कोणती. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाच्या प्रश्नाला सर्वांत खरे उत्तर मिळते.

संगीत म्हणाले तर ऐकतात की शिकले आहेत? मिरजेच्या आसपास लहानपण गेलेल्या माणसाला तंबोऱ्याबद्दल विचारावे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरी तंबोरा असेल तर तो कुणी लावायचा, भोपळा कधी तडकला का, जवारी (सूर गुंजावा म्हणून तारांखालच्या घोडीला दिलेली घडण) कुठून काढून आणतात, असे विचारावे. वाद्य नुसते दिवाणखान्यात ठेवलेले असेल तर ते जवारीच्या प्रश्नावर कळते.

भटकंती म्हणाले तर गडांची संख्या विचारू नये, वाट विचारावी. वासोट्याला बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडून जावे लागते, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात तो बंद असतो. 'भर पावसात वासोटा सर केला' असे वाक्य आले तर गडाचे नाव पुन्हा एकदा विचारून घ्यावे, अंक छापल्यावर साताऱ्याची पोरे ते पकडतातच. कास म्हणाले तर फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा. वनस्पतिशास्त्राचा माणूस असेल तर फुलांची नावे विचारावीत आणि त्याच्याच तोंडून शुद्धलेखन करून घ्यावे.

शेती म्हणाले तर मात्र भरपूर वेळ काढून बसावे. आपल्याकडच्या प्राध्यापकांत शेती हा छंद नसतो, अर्धा संसार असतो. तासगावकडची द्राक्षे असतील तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन तारखा कुलगुरूंच्या वेळापत्रकात कुठे बसतात? छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर रात्री फोन कोणाला जातो? सांगलीकडची हळद असेल तर ती मे-जूनमध्ये लावतात, आठ-नऊ महिन्यांनी काढतात, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. हे सगळे कोण पाहते? या प्रश्नांवर जी उत्तरे येतात, ती बायोडेटाच्या १८ पानांत नसतात.

नाटक, कुस्ती, बुद्धिबळ ही सांगलीकडची नेहमीची नावे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिला प्रयोग केला हे सर्वांना माहीत असते, तेव्हा त्यावर पाहुण्यांना व्याख्यान द्यायला लावू नये. स्वतः तोंडाला रंग लावला होता का, आखाड्यात किती वर्षे होते, हे विचारावे.

प्रश्न : पदावर असताना छंद खरेच टिकतात का?

थोडेच. जे अर्ध्या तासात आटोपतात, एकट्याने करता येतात आणि ज्यांना तारीख लागत नाही, ते टिकतात : पहाटेचे चालणे, बागकाम, गाडीत ऐकलेले गाणे, झोपण्यापूर्वीची दहा पाने. गिर्यारोहण, नाटकाच्या तालमी, प्रयोगशाळेतले स्वतःच्या हाताचे काम हे पाच वर्षांसाठी बाजूला पडते. म्हणून लिहिताना काळ सांभाळावा. 'ते उत्तम बॅडमिंटन खेळतात' आणि 'विभागात असताना ते रोज बॅडमिंटन खेळत' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि बहुतेक वेळा दुसरे खरे असते.

प्रश्न : कारकीर्द आणि आवड यांची सांगड घालणारी इथली उदाहरणे आहेत का?

आहेत. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासकार होते. नव्या विद्यापीठाच्या उभारणीत गुंतलेल्या या माणसाने ताराबाईकालीन कागदपत्रांच्या संपादनाचे चिकाटीचे काम केले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे कर्मवीरांच्या छायेत शिकलेले, पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांनी महात्मा फुल्यांचे लेखन इंग्रजीत नेले. साताऱ्यात १८९८ मध्ये जन्मलेले गणेश सखाराम महाजनी केंब्रिजचे रँग्लर (तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले), फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि नंतर राजस्थान व दिल्ली या विद्यापीठांचे कुलगुरू. साताऱ्याच्या महाविद्यालयांत या नावाची आठवण फारशी काढली जात नाही, ती काढायला हरकत नाही.

जाता जाता : जुन्या संस्कृत व्याख्येत दहा हजार शिष्यांना अन्न घालून शिकवणाऱ्याला कुलपती म्हटले आहे. आधी अन्न, मग अध्यापन. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या आणि वसतिगृहांत पोरांच्या जेवणाची आधी सोय पाहणाऱ्या भाऊरावांना ही व्याख्या कुणी वाचून दाखवली असती, तर ती त्यांना ओळखीची वाटली असती.

प्रश्न : मुलाखत कशी ठरवावी?

कुलगुरू कार्यालयाच्या नावे प्राचार्यांच्या सहीचे पत्र, किमान १५ ते २० दिवस आधी. पत्रात अंकाचे नाव, विषय, लागणारा वेळ आणि ८ ते १० प्रश्न जोडावेत. ४० मिनिटे मागावीत, २५ मिळतील असे धरून चालावे. पहिले तीन प्रश्न असे ठेवावेत की बैठक तेवढ्यावरच आटोपली तरी पान भरेल. दोन जणांनी जावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने टिपावे. रेकॉर्डिंग परवानगी घेऊन दोन मोबाइलवर करावे, कारण मध्येच फोन आला की एकाचे रेकॉर्डिंग थांबते. तासाभराचे बोलणे उतरवून काढायला चार ते पाच तास जातात. उतरवलेला मजकूर तपासायला पाठवताना 'अमुक तारखेपर्यंत दुरुस्त्या कळवाव्यात' असे लिहावे, नाहीतर छपाई अडते.

प्रवासाचा वेळही धरावा. कोल्हापूर ते सांगली सुमारे ५० किलोमीटर, कोल्हापूर ते सातारा सुमारे १२०. साताऱ्याच्या कार्यक्रमाला सकाळी १० ची वेळ दिली तर पाहुण्यांना पहाटेच उठावे लागते. ११ ठेवावी आणि स्वागतगीताचे एक कडवे कमी करावे.

प्रश्न : काय विचारू नये, काय छापू नये?

जात, तब्येत, घरातल्या मुलांच्या नोकऱ्या आणि लग्ने, राहत्या घराचा पत्ता, खासगी मोबाइल क्रमांक. पाहुणे गप्पांत आपणहून बोलले तरी छापण्यापूर्वी वेगळे विचारावे. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणावर मत घेऊ नये, ते देऊ शकत नाहीत आणि खोली उगीच गार पडते. 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून' हे वाक्य तर त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय अजिबात नको. खेड्यात जन्म झाला म्हणजे हलाखी, असे समीकरण नसते. जन्मगाव आणि मूळगाव वेगळे असू शकते, दोन्ही विचारावीत. आपल्याकडे बाळंतपण आजोळी होत असल्याने ही चूक वारंवार होते.

प्रश्न : व्यासपीठावरचा परिचय किती मोठा असावा?

अडीच ते तीन मिनिटे, म्हणजे लेखी सुमारे ३०० शब्द. त्याहून लांबला की पाहुणे घड्याळ पाहतात आणि मागच्या रांगा मोबाइल. रचना साधी ठेवावी : सध्याचे पद, विषय, त्या विषयातले एक काम साध्या मराठीत समजावून, मग आपल्या महाविद्यालयाशी किंवा भागाशी असलेला धागा, आणि एखादी आवड तपशिलासह. 'नॅनो पदार्थांवर ८० शोधनिबंध' यापेक्षा 'वायूची गळती ओळखणारे पातळ थर त्यांनी प्रयोगशाळेत बनवले' हे पोरांच्या लक्षात राहते. पुरस्कार दोनच सांगावेत. बाकीचे अंकात जातील.

महिला कुलगुरूंसाठी पदनाम 'कुलगुरू' हेच. संबोधन 'मा. कुलगुरू महोदया'. बोलताना 'मॅडम' चालते. 'कुलगुरूबाई' नको.

प्रश्न : आदल्या रात्री शेवटची तपासणी कोणती?

नाव आणि मधले आद्याक्षर, पदनाम (प्र-कुलगुरू की प्रभारी, ते पुन्हा पाहावे), विद्यापीठाचे पूर्ण नाव, पदभाराची तारीख. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे पान त्या रात्री उघडून पाहावे, कारण मुदत संपून नवे कुलगुरू आले तरी शोधयंत्रावर वरती जुन्याच कुलगुरूंचा फोटो येतो. कागद मोठ्या अक्षरांत, एका बाजूला, दोन प्रती. एक प्रत सूत्रसंचालकाकडे, एक स्वतःच्या खिशात. मोबाइलवरून वाचू नये, नेमका तेव्हाच घरून फोन येतो.